नोटिशीतली 'हरकत': शब्दाचा अर्थ आणि ती लिहायची रीत

प्रश्न थोडक्यात असा आहे. देवगड तालुक्यातल्या गावी सामाईक जमीन. सातबारावर पणजोबांनंतर थोरल्या आजोबांचं एकट्याचं नाव आणि त्यापुढे 'ए.कु.मॅ.' (एकत्र कुटुंब मॅनेजर) असा शेरा. थोरले आजोबा वारले. त्यांच्या मुलांनी वारस नोंदीचा अर्ज दिला आणि तलाठी कार्यालयाच्या नोटिशीचा फोटो मुंबईला व्हॉट्सॲपवर आला. नोटिशीच्या शेवटी नेहमीचं वाक्य आहे: हरकत असल्यास १५ दिवसांत कळवावे, न कळवल्यास हरकत नाही असे समजण्यात येईल. विचारणाऱ्यांचं म्हणणं असं: "काकांशी आमचं भांडण नाही. गणपतीला सगळे एकाच घरात उतरतो. 'हरकत' हा शब्द लिहिला तर नातं बिघडेल. त्याऐवजी विनंती अर्ज दिला, किंवा 'असहमत आहोत' असं लिहिलं तर चालेल का? हरकत आणि तक्रार यांत फरक तरी काय?"

हरकतच लिहा, याच शब्दात लिहा आणि मुदतीत लिहा. का, ते सांगताना आधी शब्दाकडे नीट पाहावं लागेल, कारण भीती शब्दाच्या चुकीच्या अर्थातून आलेली आहे.

'हरकत' मूळ अरबी. तिकडे तिचा अर्थ हालचाल. अरबी लिपीत अक्षराला स्वर देणाऱ्या खुणांनाही हरकतच म्हणतात, कारण त्या खुणेमुळे मुकं अक्षर हलतं, बोलतं. हिंदी-उर्दूत शब्द कृत्याकडे आणि तिथून वाईट कृत्याकडे गेला. 'उसकी हरकतें' म्हटलं की कुणाचे तरी उपद्व्याप समोर येतात. मराठीत तो वेगळ्याच बाजूला वळला: अडथळा आणि मग आक्षेप. मुंबईत वाढलेल्या, हिंदी रोज कानावर पडणाऱ्या पिढीला 'हरकत' कडू लागते ती हिंदीतल्या अर्थामुळे. मराठी हरकतीत कुणाच्या वागण्यावर ठपका नाही. होऊ घातलेल्या एका गोष्टीसमोर धरलेला तो हात आहे: थांबा, यात माझाही संबंध आहे, माझं ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नका.

गाण्यातली हरकत मात्र मूळ अर्थाशी इमान राखून आहे. डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला, बसलेला माणूस 'बुवांनी काय हरकत घेतली!' म्हणतो तेव्हा तो सुरांच्या चपळ हालचालीला दाद देत असतो. तोच माणूस दुसऱ्या दिवशी तलाठी कार्यालयात हरकत घेतो. क्रियापद दोन्हीकडे 'घेणे', पण अर्थाचा एकमेकांशी संबंध उरलेला नाही.

क्रियापदांकडे लक्ष द्या, कारण कागदावर खरा फरक तिथे पडतो. 'हरकत घेणे' किंवा 'हरकत नोंदवणे' म्हणजे आपला आक्षेप योग्य ठिकाणी मांडणे. हा तुमचा हक्क आहे. 'हरकत करणे' म्हणजे प्रत्यक्ष आडवं येणे: मोजणी करणाऱ्यांना बांधावर अडवणं, गडगा (दगडी कुंपण) घालू न देणं, पायवाटेवर काट्यांची वय (कुंपण) टाकणं. जुन्या दस्तांत आणि दाव्यांत 'वहिवाटीस हरकत केली' असं जे वाचायला मिळतं ते या दुसऱ्या अर्थाने. मोजणीच्या दिवशी दिलेल्या जबाबात 'आम्ही मोजणीस हरकत केली' असं लिहून सही झाली, तर तुम्ही मोजणी अडवली अशी ती कबुली ठरू शकते. 'आम्ही मोजणीस लेखी हरकत घेतली, काम अडवले नाही' हे वाक्य वेगळं आहे. जबाब लिहून घेणारा घाईत असतो, तेव्हा हे एक क्रियापद आपण तपासायचं.

आता शेजारचे शब्द. 'तक्रार' हाही अरबी. मूळ अर्थ पुन्हा पुन्हा म्हणणे. मराठीत तक्रार घडून गेलेल्या गोष्टीची किंवा कुणाच्या वागण्याची असते: नोटीस दिली नाही, पैसे मागितले, उतारा देत नाहीत. हरकत घडू पाहणाऱ्या गोष्टीला असते. 'आक्षेप' म्हणण्यातल्या चुकीवर बोट ठेवतो, मग ते म्हणणं लेखातलं असो की वंशावळीतलं. 'विरोध' ही भूमिका आहे. विरोध कुणीही करू शकतो, त्याला जमिनीत हिस्सा असावा लागत नाही. हरकत घेणाऱ्याला मात्र पहिलाच प्रश्न येतो: तुमचा संबंध काय? 'असहमत' हा वर्तमानपत्री शब्द. चर्चेत ठीक, पण महसूल दप्तरात त्याला घर नाही. तुम्ही असहमत आहात म्हणून कारकुनाने कोणत्या वहीत काय लिहायचं, हे कुठेही सांगितलेलं नाही. हरकतीला तसं घर आहे.

ते घर म्हणजे गाव नमुना ६-अ, विवादग्रस्त प्रकरणांची नोंदवही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० मध्ये सगळी साखळी दिली आहे. तलाठी (आताचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी) फेरफार नोंदवहीत, म्हणजे जमिनीच्या हक्कातले बदल लिहायच्या नमुना ६ मध्ये, नोंद धरतो. तिची प्रत चावडीवर लावतो आणि दप्तरावरून ज्यांचा संबंध दिसतो त्यांना नोटीस देतो. त्या नोंदीवर कुणी तोंडी किंवा लेखी हरकत घेतली तर तिचा तपशील ६-अ मध्ये लिहिणं आणि हरकत घेणाऱ्याला लगेच लेखी पोच देणं हे तलाठ्याचं कर्तव्य आहे. एकदा ६-अ मध्ये हरकत आली की ती नोंद बिनहरकत नोंदींबरोबर प्रमाणित करता येत नाही. सुनावणी घेऊन निकाल द्यावा लागतो, तो अव्वल कारकुनाच्या दर्जाच्या किंवा वरच्या अधिकाऱ्याने, आणि शक्यतो एका वर्षाच्या आत.

इथे शब्दांची एक गल्लत होते आणि घरात गैरसमज पसरतो. तुम्ही लिहिता हरकत, पण कार्यालयात त्या नोंदीला म्हणतात 'तक्रारी नोंद'. गावात बातमी पोचते ती 'पुतण्यान् तक्रार केल्यान्' अशी. म्हणून अर्ज देण्याच्या आधी, निदान त्याच दिवशी, काकांना फोन करा. मालवणीतच सांगा: "काकानु, नोंदीत आमच्या आज्याचा नाव ऱ्हवला म्हणान मी हरकत घेतलंय. तुमच्यावर काय नाय." हे वाक्य त्यांना आधी तुमच्या तोंडून कळलं तर निम्मा ताण जातो. दुसऱ्याकडून कळलं तर तुम्ही कितीही मवाळ शब्दात लिहिलेलं असलं तरी उपयोग नाही.

विनंती अर्जाने हे साधत नाही. 'आमच्याही नावांचा विचार व्हावा ही विनंती' असा कागद आवकला लागतो, त्यावर शिक्का पडतो आणि तो फाइलीत राहतो. त्यात हरकत आहे असं कुठे म्हटलेलं नसतं, त्यामुळे ६-अ मध्ये काही लिहिण्याचं कारण उरत नाही. मुदत संपते, नोंद प्रमाणित होते. पुढे अपिलात 'आम्ही अर्ज दिला होता' म्हणावं तर समोरचा म्हणतो, विनंती होती, हरकत नव्हती. शब्द सौम्य करण्याच्या नादात अशी नोंद हातची गेल्याची उदाहरणं कोकणात घरोघरी सापडतील. सौम्यपणा कारणांच्या भाषेत ठेवा, विषयाच्या ओळीत नको.

गप्प बसण्याचं तर आणखी अवघड आहे. आपल्याकडे देवापुढच्या गाऱ्हाण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार सगळ्यांसमक्ष, मोठ्याने देतात. नकार मात्र कुणी असा देत नाही. न पटलेला माणूस 'बघुया मगे' म्हणतो, पान-सुपारीचं तबक पुढे सरकवतो, गप्प होतो. गावकीच्या बैठकीत त्या गप्प बसण्याचा अर्थ सगळ्यांना कळतो: याला हे मान्य नाही. नोटिशीपुढे नेमकं उलट. तिथे गप्प राहिलात म्हणजे हरकत नाही, असंच धरलं जातं. चाकरमान्यांची सर्वांत जास्त फसगत होते ती या एका ठिकाणी. आपण रागाने काही कळवलं नाही, आता त्यांना समजेल, अशी घरातली अपेक्षा कार्यालयाला लागू होत नाही.

तोंडी हरकतही कायद्याला चालते, हे वर आलंच. पण मुंबईहून फोनवर तलाठ्याला सांगितलेली गोष्ट म्हणजे तोंडी हरकत, असं धरून बसू नका. ती वहीत लिहिली गेली आणि पोच मिळाली तरच तिला अर्थ. लेखीच द्या.

लिहिण्याआधी ए.कु.मॅ. समजून घ्या, कारण तुमच्या हरकतीचा कणा तोच आहे. एकत्र कुटुंब मॅनेजर. सगळ्या भावांची नावं लावण्याऐवजी कर्त्या भावाचं एक नाव सातबारावर ठेवायची जुनी पद्धत होती. कुठे 'ए.कु.पु.', म्हणजे एकत्र कुटुंब पुढारी, असंही लिहिलेलं असतं. तो माणूस एकटा मालक नाही, घराच्या वतीने त्याचं नाव आहे, हे त्या शेऱ्यातूनच ठरतं. घोटाळा त्याच्या मृत्यूनंतर होतो. अर्ज येतो 'मयत खातेदाराचे वारस' म्हणून, वारस म्हणून त्याच्या स्वतःच्या मुलांची नावं लागतात, जुन्या नावाला कंस होतो आणि कंसाबरोबर शेराही जातो. पुढच्या पिढीला सातबारावर एकाच शाखेची नावं दिसतात. बाकीच्या भावांच्या घराण्यांचा तिथे मागमूस राहत नाही. बहुतेक वेळा यामागे कपट नसतं. अर्ज करणाऱ्याने आपल्या बापाचे वारस प्रामाणिकपणे लिहिलेले असतात. २०२५ मध्ये राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम झाली, मयत खातेदारांच्या वारसांच्या नोंदी घेण्यासाठी. असं काम होत असतानाच ए.कु.मॅ. शेऱ्याचे सातबारे डोळ्यांत तेल घालून पाहायला हवेत.

म्हणून पहिला कागद मिळवायचा तो सातबारा नव्हे. थोरल्या आजोबांचं नाव ज्याने लागलं तो जुना फेरफार मिळवा. पणजोबांच्या मृत्यूनंतरच्या त्या नोंदीत अनेकदा सगळ्या मुलांची नावं लिहिलेली असतात आणि शेवटी 'पैकी थोरला अमुक याचे नाव ए.कु.मॅ. म्हणून दाखल' असं वाक्य असतं. तो फेरफार क्रमांक सातबारावर नावाजवळ वर्तुळात किंवा कंसात दिसेल. नक्कल तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून मिळते. १५ दिवसांत नक्कल हाती आली नाही तरी अडून राहू नका. हरकतीत फेरफार क्रमांक लिहा, नकलेचा अर्ज दिल्याची पावती जोडा आणि 'नक्कल मिळताच हजर करतो' असं नमूद करा. जोडीला आजोबा-वडिलांचे मृत्यू दाखले, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, सामाईक घराचा ग्रामपंचायतीकडचा नमुना ८ चा उतारा, तुमच्या शाखेने भरलेल्या शेतसाऱ्याच्या पावत्या असतील तर त्या.

अर्ज एका पानाचा पुरे. मजकूर साधारण असा:

प्रति, ग्राम महसूल अधिकारी (तलाठी), सजा ____, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग.

विषय: मौजे ____ येथील फेरफार क्र. ____, दि. ____ या नोंदीस हरकत. मिळकत: सर्व्हे नं. ____, हिस्सा नं. ____, क्षेत्र ____ हे. आर.

वरील नोंदीस माझी हरकत आहे. सदर मिळकत माझे पणजोबा कै. ____ यांची असून त्यांच्या पश्चात फेरफार क्र. ____ अन्वये थोरले पुत्र कै. ____ यांचे नाव ए.कु.मॅ. म्हणून दाखल आहे. माझे आजोबा कै. ____ हे त्यांचे सख्खे भाऊ होत. प्रस्तावित नोंदीत आमच्या शाखेच्या वारसांची नावे नाहीत. श्री. ____ व इतर यांची नावे कै. ____ यांच्या शाखेचे वारस म्हणून दाखल होण्यास माझी हरकत नाही. मात्र केवळ त्यांचीच नावे दाखल करून ए.कु.मॅ. शेरा कमी करण्यास हरकत आहे. तरी नोंद आहे त्या स्वरूपात प्रमाणित करू नये, हरकत विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत घेऊन पोच द्यावी आणि सुनावणीची नोटीस खालील पत्त्यावर पाठवावी.

यातली शेवटून दुसरी आणि तिसरी वाक्यं पुन्हा वाचा. 'याला हरकत नाही, त्याला आहे' अशी सीमा आखून दिलेली हरकत सर्वांत मजबूत असते आणि नात्यालाही ती सोसते. काकांचा हक्क तुम्ही स्वतःच्या सहीने मान्य केलेला असतो, त्यामुळे भांडायला फारसं काही उरत नाही. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यालाही नेमका प्रश्न मिळतो. याउलट 'सदर नोंद खोटी, बेकायदेशीर व आम्हास अमान्य आहे' असं लिहिलं की समोरचा वकील करतो आणि मूळ मुद्दा, म्हणजे शेरा, बाजूला पडतो. दोन पानं जुना इतिहास, कुणी कुणाला शहरातून पैसे पाठवले, आंब्याची कलमं कुणी लावली, वडिलांच्या आजारपणात कोण आलं नाही, हे सगळं गाळा. हरकतीला हवा तुमचा संबंध, नोंदीतली उणीव आणि मागणी. त्यापलीकडे काही नको.

सही तुमच्या शाखेच्या शक्य तितक्या वारसांची घ्या आणि त्यात आत्या, बहिणी आल्याच. हिंदू वारसा कायद्यातली २००५ ची दुरुस्ती झाल्यापासून एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. आपली शाखा वगळली म्हणून हरकत घ्यायची आणि स्वतःच्या वंशावळीत बहिणींना वगळायचं, हे सुनावणीत उघडं पडतं, आणि पडायलाच हवं.

अर्जाच्या दोन प्रती. एकीवर आवक क्रमांक, तारीख, सही-शिक्का घेऊन ती जपून ठेवा. गावी जाणं शक्य नसेल तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती व पोचल्याचा तपशील छापून ठेवा. पोस्टाच्या प्रवासाचे दिवस १५ मधून वजा होतात, श्रावण-भाद्रपदात तर आणखी वजा धरा. महाभूमीच्या संकेतस्थळावर 'आपली चावडी' हा विभाग आहे. गाव निवडलं की चालू फेरफारांची यादी येते: क्रमांक, प्रकार, सर्व्हे नंबर आणि हरकत नोंदवण्याची शेवटची तारीख. ती तारीख पाहून काम करा, फोटो कधी आला त्यावरून दिवस मोजू नका. तुमच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचं, कारण नोटीस दप्तरात नाव असलेल्यांना जाते. ए.कु.मॅ.च्या आड असलेल्या शाखांचं नाव दप्तरात वरवर दिसतच नाही, म्हणून त्यांना नोटीस न येणं नेहमीचं आहे. संगणकीकृत सातबाराच्या तळाला प्रलंबित फेरफाराची ओळ असते. वर्षातून दोन-तीनदा, निदान शिमग्याला आणि गणपतीला, ती पाहायची सवय सगळ्या चाकरमान्यांनी लावून घ्यावी असं मनापासून वाटतं.

नोटीस प्रत्यक्ष घरी आली तर सही करताना थांबा. नोटीस बजावणारा दुसरी प्रत पुढे करतो आणि 'हयसर सही करा' म्हणतो. ती सही पोचेची असायला हवी. कधी त्याच कागदावर आधीच 'आमची हरकत नाही' असं लिहिलेलं असतं आणि म्हातारी माणसं चष्मा न लावता अंगठा देतात. सहीच्या वर आपल्या हाताने लिहायचं: 'नोटीस मिळाली, दि. ____, हरकत स्वतंत्र देत आहे.' गावी एकटी राहणारी आई-काकू असेल तर हे एवढं वाक्य तिला फोनवर सांगून ठेवा.

सुनावणीत पहिला प्रश्न येतो, 'तुमची हरकत काय?' अर्जातलंच वाक्य सांगा. जबाब लिहून झाला की तो वाचल्याशिवाय सही नको. सुनावणीला गैरहजर राहणं हे हरकत न घेण्याइतकंच महाग पडतं: 'हरकतदार गैरहजर, पुरावा नाही, हरकत फेटाळली' असा तीन ओळींचा निकाल होतो. येता येत नसेल तर तारीख पुढे मागा, लेखी. निकाल विरुद्ध गेला तर कलम २४७ खाली प्रांत कार्यालयात, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, अपील आहे. मुदत ६० दिवसांची. उशीर झाला तर सबळ कारण देऊन विलंबमाफीचा अर्ज जोडावा लागतो.

हरकतीची मर्यादाही ओळखा. ती अडवते, भरत नाही. तुमच्या हरकतीने चुकीची नोंद थांबेल, पण तुमच्या शाखेची नावं त्यामुळे आपोआप लागणार नाहीत. त्यासाठी आजोबांच्या वारसांचा स्वतंत्र अर्ज लागतो. जुन्या फेरफारात सगळ्या भावांची नावं होती आणि सातबारा पुन्हा लिहिताना ती गळली असतील, तर कलम १५५ खाली लेखनातल्या चुकीची दुरुस्ती तहसीलदारांकडे मागता येते. हा सोपा मार्ग आहे, आधी तोच तपासा. आणि फेरफाराने मालकी ठरत नाही. नोंद खरी असल्याचं गृहीतक तेवढं तिच्या बाजूने असतं. काका उद्या 'वाटप केव्हाच झालंय, जमीन आमचीच' म्हणाले, तर तो प्रश्न दिवाणी न्यायालयाचा. नोंदणीकृत खरेदीखताच्या नोंदीवरही हरकतीचा जोर कमी पडतो, कारण खत बरोबर की चूक हे महसूल अधिकारी ठरवू शकत नाही.

आता 'हरकत नाही' या दुसऱ्या टोकाबद्दल, कारण सामाईक जमिनीत नुकसान बहुतेक वेळा याच दोन शब्दांनी होतं. बोलताना 'हरकत नाही' फार लवचीक आहे. 'जाऊक हरकत नाय' म्हणजे मुभा. 'बरं, हरकत नाही' म्हणजे मनातून पटलेलं नसलं तरी चालवून घेतो. कागदावर ही लवचीकता संपते. तिथे तीन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि त्या एकमेकांत मिसळू द्यायच्या नाहीत. ना हरकत म्हणजे तुम्ही अमुक करा, मी आडवा येणार नाही. संमती म्हणजे ते करण्यात मी तुमच्याबरोबर आहे. हक्कसोड म्हणजे माझा हिस्साच मी सोडला. हक्कसोडपत्राची नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम १७ प्रमाणे दुय्यम निबंधकाकडे नोंदणी लागते. साध्या किंवा स्टॅम्प पेपरवरच्या 'ना हरकत'ने कुणाचा हिस्सा जात नाही. पण 'माझे नाव कमी करण्यास माझी हरकत नाही' असं वाक्य त्यात शिरलं तर सातबारावरचं नाव जाऊ शकतं, आणि ते परत आणायला वर्षं लागतात.

घराची दुरुस्ती, विजेचा मीटर, बोअरवेल यांसाठी सहहिस्सेदारांची ना हरकत मागतात. देऊ नका असं मी म्हणणार नाही. भावकीत एकमेकांचं अडवून कुणाचं भलं झालेलं नाही. फक्त मोजून द्या: 'सर्व्हे नं. ____ मधील घर क्र. ____ याच्या छपराच्या दुरुस्तीपुरती माझी हरकत नाही. यामुळे मिळकतीतील माझ्या हिश्श्यास, माडांच्या व विहिरीच्या हक्कास बाध येणार नाही.' कोकणात झाडांचा आणि विहिरीचा हिस्सा जमिनीच्या हिश्श्यापेक्षा वेगळा असू शकतो, सातबाराच्या इतर हक्कांत तो लिहिलेला असतो, म्हणून तेही वाक्यात यावं. 'वापरास हरकत नाही' असं मोघम लिहिलेला कागद पुढे कशासाठी वापरला जाईल ते सांगता येत नाही. कोऱ्या स्टॅम्पवर सही तर कुणालाच नको, सख्ख्या भावालाही.

इतर ठिकाणची हरकत थोडक्यात. मतदार यादीतल्या नावाला हरकत नमुना ७ वर. विकास आराखड्याला 'हरकती व सूचना', मुदत जाहिरातीतच दिलेली असते. किनाऱ्यावरच्या प्रकल्पाच्या जनसुनावणीत विरोध आणि हरकत दोन्ही चालतात, पण प्रकल्प अहवालातल्या पान-परिच्छेदाचा उल्लेख करून घेतलेल्या हरकतीला उत्तर द्यावं लागतं, घोषणेला द्यावं लागत नाही. पाणंद किंवा पायवाट कुणी बुजवली तर ती हरकत 'केलेली' आहे. तिथे हरकत अर्ज कामाचा नाही, मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे दावा लागतो, तोही अडवल्यापासून ६ महिन्यांत.

शेवटी, हरकत मागे घेण्याबद्दल. काका बहुधा म्हणतील, 'तू हरकत काढ, मग आपण सगळ्यांची नावं घालू.' त्यांच्या मनात वाईट नसेलही, पण क्रम हाच चुकतो. हरकत मागे घेतल्याचा कागद गेला की ती नोंद बिनहरकत होते आणि आहे तशी प्रमाणित होऊ शकते. आधी दोन्ही शाखांच्या वारसांचा एकत्र अर्ज सगळ्यांच्या सहीने द्या. सुनावणीत तो वाचून दाखवा आणि 'एकत्र अर्जाप्रमाणे दोन्ही शाखांची नावे दाखल होणार असल्यास हरकत मागे घेत आहे' असं त्याच जबाबात लिहून घ्या. नोंद प्रमाणित झाल्यावर नवा सातबारा काढा आणि खाली प्रलंबित फेरफार उरलेला नाही ना, एवढं पाहा.